पाच घरांचे पंचांग

एका छोट्या वाचनालयाचे संगणकावरचे काम काही वर्षे मी हौसेने पाहत होतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे पुस्तकांची मोजदाद चाले, म्हणून वाचकांसाठी दार बंद. फलकावर तशी सूचना असे, पण ती कुणी वाचत नसे, आणि लांबून रिक्षा करून आलेली वयस्क मंडळी कुलूप पाहून परत फिरत. शेवटी ठरले, की त्या दिवशी सकाळी सात वाजता सर्व सभासदांच्या मोबाइलवर संदेश जावा : ‘आज वाचनालय बंद राहील.’ संदेश पाठवणारी आज्ञावली तयार होती. ती कधी चालवायची, एवढेच संगणकाला सांगायचे बाकी होते. एका रविवारी संध्याकाळी मी ही ओळ लिहिली :

० ७ ८-१४ * ६

दुसरा शनिवार आठ ते चौदा या तारखांच्या बाहेर कधीच जात नाही. शेवटचा सहा हा शनिवारचा आकडा. म्हणजे ‘सकाळी सात वाजता, आठ ते चौदा तारखेच्या दरम्यान, शनिवार असेल तर’. निदान मी ती ओळ अशी वाचली होती. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आठ तारीख. सकाळी सातला संदेश गेला. मंगळवारीही गेला. बुधवारी मी वाचनालयात पोचलो तेव्हा दार उघडे, पंखे चालू, आणि वाचनकक्षात दोनच माणसे. त्यांतले एक आजोबा मला म्हणाले, “अहो, तुमचा मोबाइल म्हणतो बंद आणि दार तर सताड उघडे. आम्ही खरे कुणाचे मानायचे? दोन दिवस मोबाइलचे मानून घरी बसलो.”

ओळीत टंकनाची चूक नव्हती. यंत्रही बिघडले नव्हते. मी लिहिले होते तेच त्याने केले होते, फक्त त्या लिपीचे व्याकरण मला येत नव्हते. हा लेख त्या व्याकरणाविषयी आहे.

या लिपीचे नाव क्रॉन. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले असे मानतात. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधून युनिक्स या संगणकप्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात क्रॉन होता. तेव्हा संपूर्ण यंत्रासाठी मिळून एकच वेळापत्रकाची फाइल असे. पुढे प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची फाइल मिळाली. १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेला क्रॉन जगभर पसरला, आणि आज लिनक्सच्या असंख्य सर्व्हरांवर त्याचेच वंशज चालू आहेत. रात्रीचे बॅकअप, सकाळचे अहवाल, महिनाअखेरची व्याजआकारणी, मुदत संपल्याचे स्मरणसंदेश यांच्यामागे बहुधा अशी एखादी ओळ असते. लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. ओळ मात्र रोज पहाटे उठून काम करते.

ओळीत पाच घरे असतात. डावीकडून मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. (यंत्राला इंग्रजी आकडे लागतात, इथे ते छापण्यापुरते नागरीत आणले आहेत.) वार शून्यापासून मोजायचे, शून्य म्हणजे रविवार. बहुतेक ठिकाणी सातही रविवारच, दोन जुन्या प्रथांची ती तडजोड आहे. घरात एक आकडा लिहिता येतो, स्वल्पविरामाने अनेक आकडे, आडव्या रेघेने ‘पासून-पर्यंत’, आणि काहीच अट नसेल तर तारा. पंचांगाचीही अंगे पाचच आहेत, तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. हा योगायोग आहे, पण उपयोगी योगायोग आहे. कारण या ओळीचे दोष आपल्याला पंचांगाच्या शेजारी ठेवून जितके स्वच्छ दिसतात तितके इंग्रजी पुस्तकांतून दिसत नाहीत.

क्रॉन काम कसे करतो, हे एकदा मनात बसले की उरलेले सोपे होते. तो वेळ मोजत नाही. दर मिनिटाला जागा होतो, घड्याळाकडे आणि दिनदर्शिकेकडे पाहतो, आणि प्रत्येक ओळीला विचारतो, ‘आत्ताचे चित्र तुझ्या वर्णनाशी जुळते का?’ जुळले तर काम सुरू करतो आणि पुन्हा झोपतो. आधीच्या मिनिटाला काय झाले, काल हेच काम झाले होते का, आधीचे अजून चालू आहे का, याची त्याला फिकीर नसते. त्याच्याकडे स्मरण नाही, फक्त ओळख आहे.

नवशिक्याची पहिली चूक ताऱ्याची असते. रोज नऊ वाजता काम हवे, म्हणून तो तासाच्या घरात नऊ लिहितो आणि ‘मिनिटांचे मला काही नाही’ अशा समजुतीने मिनिटाच्या घरात तारा टाकतो :

* ९ * * *

आपल्या बोलण्यात ‘नऊ वाजता’ म्हणजे नऊला एकदा. क्रॉनला तारा म्हणजे ‘कोणतेही मिनिट चालेल’. नऊ वाजून शून्य मिनिटे चालते, एक चालते, एकोणसाठही चालते. काम साठ वेळा होते. बॅकअप असेल तर डिस्क भरते. ग्राहकांना जाणारे थकबाकीचे पत्र असेल तर काय होते, त्याची कल्पना वाचकांनीच करावी. पहिल्या घरात शून्य लिहिले की प्रश्न मिटतो.

आता माझा दुसरा शनिवार. पाच घरांतल्या अटी एकमेकींना ‘आणि’ने जोडलेल्या असतात, असे कुणालाही वाटेल. मिनिट, तास, महिना यांच्याबाबत ते खरे आहे. तारीख आणि वार ही दोन घरे मात्र भरलेली असली की त्यांच्यामध्ये ‘किंवा’ येतो. माझी ओळ क्रॉनने अशी वाचली : आठ ते चौदा यांपैकी कोणतीही तारीख, किंवा कोणताही शनिवार. आठवड्याचे सात दिवस सलग आणि उरलेले तीन-चार शनिवार, असे महिन्यातून दहा-अकरा दिवस आमचे वाचनालय मोबाइलवर बंद राहणार होते.

हा नियम चुकून राहून गेलेला नाही. क्रॉनच्या माहितीपुस्तिकेत तो नोंदलेला आहे, आणि युनिक्ससाठी पुढे ठरलेल्या पोझिक्स या मानकातही. व्हिक्सी क्रॉनच्या पुस्तिकेतले उदाहरण पहिली तारीख, पंधरावी तारीख आणि शिवाय प्रत्येक शुक्रवार असे आहे. हिशेबाच्या कामांना तशी गरज पडतही असेल. पण या सोयीमुळे ताऱ्याला दोन अर्थ चिकटले. मिनिटाच्या घरात तारा म्हणजे ‘प्रत्येक’. तारीख-वाराच्या जोडीत तारा म्हणजे ‘माझे मत विचारू नका, शेजारच्याचे ऐका’. एकाच चिन्हाला जागेवरून असा अर्थ बदलायला लावणे ही मला तरी या लिपीतली सर्वांत वाईट रचना वाटते.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हा ‘किंवा’ खटकतो, याला कारण आहे. अंगारकी म्हणजे काय? संकष्टी चतुर्थी आणि त्याच दिवशी मंगळवार. सोमवती म्हणजे अमावास्या आणि सोमवार. दोन चक्रे आपापल्या गतीने फिरत असतात आणि कधीतरी एका जागी येतात, त्या येण्यालाच नाव आहे, आणि विरळ म्हणूनच मान आहे. क्रॉनच्या व्याकरणात अंगारकी लिहायला गेलो तर तो प्रत्येक चतुर्थीला आणि शिवाय प्रत्येक मंगळवारी उपवास धरेल.

उपाय घरगुती आहे. ओळीत फक्त तारखा ठेवायच्या, वाराच्या घरात तारा टाकायचा, आणि आज्ञावलीच्या पहिल्याच वाक्यात विचारायचे : आज शनिवार आहे का? नसेल तर गप्प बाहेर पड. म्हणजे यंत्र आठ ते चौदा रोज सकाळी उठते, सहा दिवस कॅलेंडर पाहून परत झोपते आणि एक दिवस संदेश पाठवते. भारतातल्या बँका २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. चौथ्यासाठी बावीस ते अठ्ठावीस या तारखा घ्यायच्या, युक्ती तीच.

स्मरण नसण्याचा खरा जाच ‘दर अमुक इतक्या वेळाने’ म्हणताना होतो. व्हिक्सींच्या क्रॉनमध्ये तिरपी रेघ आली. सातव्या आवृत्तीत ती नव्हती. मिनिटाच्या घरात */१५ लिहिले की दर पंधरा मिनिटांनी काम होते, आणि साठाला पंधराने नि:शेष भाग जातो म्हणून ते बिनचूक होते. त्यामुळे ही रेघ म्हणजे ‘इतक्या अंतराने’ असा समज पक्का बसतो. प्रत्यक्षात ती घराच्या आरंभापासून टप्पे टाकते, आणि घर संपले की पुन्हा आरंभापासून.

आपल्याकडची घटिका घेऊन पाहा. दिवसाच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. दर घटिकेला टोला द्यायचा म्हणून मिनिटाच्या घरात */२४ लिहिले, तर टोले पडतात शून्य, चोवीस आणि अठ्ठेचाळीस मिनिटांना. पुढचा टोला तास संपताच, म्हणजे बाराच मिनिटांत. प्रत्येक तासातली तिसरी घटिका अर्धी भरलेली. खरी घटिका एका ओळीत मावत नाही. पण पाच घटिकांचे बरोबर दोन तास होतात, हे ध्यानात घेतले तर दोन ओळींत मावते :

०,२४,४८ */२ * * *
१२,३६ १-२३/२ * * *

सम तासांना तीन टोले, विषम तासांना दोन. बारा, एक, दोन वाजेपर्यंत हाताने मोजून पाहा, अंतर कुठेही तुटत नाही.

तारखेच्या घरात अशी सुटका नाही. ‘दिवसाआड’ हा शब्द पाणीटंचाईच्या गावांत लहान मुलालाही कळतो. क्रॉनमध्ये दिवसाआड म्हणून तारखेच्या घरात */२ लिहिले, तर एक, तीन, पाच अशा विषम तारखा निवडल्या जातात. एकतीस दिवसांच्या महिन्यात एकतिसाव्या तारखेला काम होते आणि दुसऱ्याच दिवशी, पहिल्या तारखेला, पुन्हा होते. वर्षातून सात वेळा हे घडते, आणि लीप वर्षी फेब्रुवारीच्या एकोणतीस तारखेनंतर आणखी एकदा. नळाला लागोपाठ दोन दिवस पाणी आले तर कुणी तक्रार करणार नाही. पण दिवसाआड घ्यायच्या औषधाची आठवण करून देणारा संदेश असा लागोपाठ गेला तर? ‘दिवसाआड’ म्हणायला मागच्या वेळी कधी केले हे माहीत लागते. तेच क्रॉनला माहीत नसते. ‘एक आड एक शुक्रवार’ही त्याला याच कारणाने सांगता येत नाही.

पाच घरांत वर्षही नाही. येत्या १५ ऑगस्टला एकदाच करायचे काम इथे लिहिले तर ते दर १५ ऑगस्टला होत राहते, ओळ पुसेपर्यंत. एकतीस तारखेला म्हणून लिहिलेले काम पाच महिने होतच नाही. तीस फेब्रुवारी लिहिली तरी व्हिक्सी क्रॉन नाक मुरडत नाही. ती तारीख येण्याची शांतपणे वाट पाहतो.

मध्यरात्रीचा घोळ निराळा आहे, आणि तो निम्मा आपल्या भाषेचा आहे. ‘रविवारी रात्री बारा वाजता’ असे कुणी सांगितले तर मराठी माणसाला रविवारचा दिवस मावळल्यानंतरचे बारा अपेक्षित असतात. आपला वार परंपरेने सूर्योदयाला बदलतो. रात्री एकला घरी येणारा माणूसही ‘आज फार उशीर झाला’ असेच म्हणतो. क्रॉनचा वार शून्य वाजता बदलतो. त्यामुळे आपल्या बोलण्यातले रविवारी रात्रीचे बारा म्हणजे त्याच्या लेखी सोमवारचे शून्य. वाराच्या घरात रविवार लिहिला की काम चोवीस तास आधी, शनिवारची रात्र संपताना उरकते. काम सांगणाऱ्याकडून ‘रात्री बारा’ ऐकले की मी आता ‘म्हणजे कोणती तारीख उजाडताना?’ असे विचारून घेतो.

त्यात आता सर्व्हर आपल्या खोलीत नसतात. भाड्याने घेतलेली बरीच यंत्रे आणि सेवा जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. भारताची प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास. आपल्याकडे सकाळी नऊला हवे ते काम तिथे साडेतीनला लिहावे लागते : ३० ३ * * *. वजाबाकी इथपर्यंत सोपी आहे. सोमवारी पहाटे चारला हवे असेल तर यूटीसीत अजून रविवारच असतो, रात्रीचे साडेदहा. म्हणजे वाराचे घरही एकाने मागे न्यावे लागते. आणि दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे दोन वाजता हवे असेल तर? यूटीसीत ती वेळ आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री साडेआठची. शेवटचा दिवस कधी अठ्ठावीस, कधी एकोणतीस, तीस, एकतीस. पाच घरांत ‘शेवटचा’ हा शब्दच नाही. इथे पुन्हा घरगुती उपाय : अठ्ठावीस ते एकतीस रोज साडेआठला उठायचे आणि उद्या एक तारीख आहे का, ते पाहायचे.

मुंबईच्या वाचकांना इथे थोडे समाधान मानायला जागा आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी मुंबईने स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी मागे. ती आजही चालू असती तर सकाळच्या नऊसाठी यूटीसीतले चार वाजून नऊ मिनिटे लिहावी लागली असती.

घड्याळे पुढेमागे करणाऱ्या देशांतली गोष्ट याहून बिकट. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एकदम तीनवर जाते. त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड दोनदा वाजतो. पुण्यात बसून अमेरिकेतल्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारे अनेकजण या दोन रविवारांकडे डोळा ठेवून असतात. व्हिक्सींच्या क्रॉनच्या नंतरच्या आवृत्त्यांनी याची सोय केली आहे. उडी मारलेल्या वेळेतले काम उडीनंतर लगेच करायचे, दोनदा आलेल्या वेळेतले पुन्हा करायचे नाही. पण सगळेच क्रॉन इतके समजूतदार नाहीत. जाणती माणसे महत्त्वाचे काम पहाटे एक ते तीनच्या दरम्यान ठेवतच नाहीत.

ठरल्या मिनिटाला यंत्रच बंद असेल, तर ते काम गेले. वीज परतल्यावर क्रॉन मागचे विचारत नाही. राहून गेलेले काम नंतर करणारा अ‍ॅनाक्रॉन नावाचा जोडीदार वेगळा बसवावा लागतो. शिवाय काम फसले तर तो ओरडत नाही. फार तर यंत्राच्या आतल्याच टपालपेटीत एक पत्र टाकतो, जी पेटी कुणी उघडत नाही. बॅकअप सहा महिने होत नव्हता हे डिस्क जळाल्यावरच कळते.

या उणिवांवर नंतरच्या लिपींनी इलाज शोधले. क्वार्ट्झ या रचनेत सेकंदाचे घर आले, ‘शेवटचा दिवस’ दाखवणारे अक्षर आले, आणि ‘दुसरा शनिवार’ ७#२ असा सरळ लिहिता येऊ लागला. पण तिथे रविवार एकपासून मोजतात. एकीकडे सहा म्हणजे शनिवार, दुसरीकडे शुक्रवार, आणि ओळ इकडून तिकडे उचलून चिकटवणाऱ्याला कुणी हटकत नाही. लिनक्समधल्या सिस्टमडीने तारीख आणि वार यांच्यात ‘आणि’ मानला. मोबाइलमधल्या कॅलेंडरांची लिपी, १९९८ मध्ये ठरलेली आणि २००९ मध्ये सुधारलेली, याहून शहाणी आहे. तिच्यात आरंभाची तारीख लिहावीच लागते, त्यामुळे ‘एक आड एक शुक्रवार’ तिला नीट कळतो. तरीही सर्व्हरांवर पाच घरेच टिकून आहेत. एका ओळीत मावतात आणि फळ्यावर पाच मिनिटांत शिकवता येतात, हे त्याचे कारण असावे.

जाता जाता एक सवय सांगतो. सगळे जग शून्य मिनिट लिहिते, म्हणून ठोक्याला सर्व्हरांवर गर्दी उसळते. डेबियन या लिनक्सच्या वाणात तासाचे काम सतराव्या मिनिटाला ठेवलेले असते, रोजचे सहा पंचवीसला, आठवड्याचे सहा सत्तेचाळीसला, महिन्याचे सहा बावन्नला. लोकलच्या वेळापत्रकाची सवय असलेल्यांना यात नवल वाटू नये.

वाचनालयाची ओळ मी त्याच बुधवारी बदलली. महिनाभराने समितीने आणखी एक मागणी केली : लक्ष्मीपूजनाच्या सुट्टीचाही संदेश आपोआप जाऊ दे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या बारा अंशांच्या अंतराला लागणारा वेळ. ती कधी एकोणीस तासांची असते, कधी सव्वीस. त्यात अधिक महिना. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. पाच घरांत, सहा घरांत, कोणत्याच घरांत हे बसत नाही. शेवटी सुट्ट्यांच्या तारखांची एक साधी यादी केली. यंत्र रोज सकाळी सातला ती उघडून आजची तारीख शोधते. यादी मात्र दर पाडव्याला नवे पंचांग समोर ठेवून ग्रंथपालबाई हाताने भरतात, आणि ते आजोबा शेजारी बसून तारखा ताडून पाहतात.